काखेतले ठिपके

चालताना उजव्या पायातली चप्पल निसटायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर मला ते कळायचं. त्याआधी बरेच महिने मान दुखत होती, रात्री जास्तच. ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून गळ्याला पट्टा, शेक, गोळ्या सगळं झालं. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली, तेव्हा कुठे एमआरआय निघाला.

मानेतली एक नस मणक्यांमधल्या ज्या फटीतून बाहेर पडते, तिथे अर्धी आत, अर्धी बाहेर अशी डमरूसारखी गाठ होती. आतल्या भागाने मज्जारज्जू एका कडेला रेटला होता. खाली जवळजवळ प्रत्येक नसेवर बारीक गाठी. न्यूरोसर्जननी फिल्म बाजूला ठेवून मला शर्ट काढायला सांगितला. अंगावरचे कॉफीच्या रंगाचे डाग मोजले, काखेतले ठिपके पाहिले आणि विचारलं, “घरात आणखी कोणाला?”

आईला. तिच्या अंगावर मऊ गाठी आहेत. लागण होईल म्हणून बायका तिच्यापासून लांब बसायच्या. ती भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे तिला त्या काळात कोणी तरी सांगायला हवं होतं.

न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला दोष, साधारण ३,००० जणांत एकाला. निम्म्या रुग्णांत तो नव्यानेच उद्भवतो. मात्र आई किंवा वडिलांना असला, तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. फोन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी १८८२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं होतं. इतका जुना आणि कातडीवर उघड दिसणारा रोग. तरी मान दुखते म्हणणाऱ्याचा सदरा कोणी काढून पाहत नाही, याचा मला आजही संताप येतो.

ही गाठ नसेच्या तंतूंमध्येच वाढते, त्यामुळे दरवेळी अख्खी सोलून काढता येत नाही. माझ्या मज्जारज्जूवर दाबणारा भाग काढला. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. चालणं सुधारलं, अंगठा बधिर राहिला. उरलेल्या गाठींवर नजर ठेवायची: एखादी झपाट्याने वाढली, टणक झाली, दुखणं थांबेना किंवा हातापायातली ताकद कमी वाटली, की लगेच दाखवायचं.

माझ्या मामाचे पाय चाळिशीत गेले. घरच्यांनी देवऋषी केले, अंगारे लावले. तपासणी झालीच नाही. त्याच्या मणक्यात काय होतं, ते आता कोण सांगणार? पण त्याचा मुलगा आहे. मी त्याला फोन केला आणि थेट काखेतल्या ठिपक्यांबद्दल विचारलं. “आहेत की, लहानपणापासून. का रे दादा?” मी सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो तपासायला येतोय. त्याच्या मुलीलाही घेऊन ये म्हणालोय.