गोठ्यापर्यंत येणारा सल्ला

सीताबर्डीच्या टेकडीला शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून नाव पडले, असे नागपुरात सांगतात. बर्डीवर आता गोठा शोधूनही सापडायचा नाही. गुरांविषयीचे ज्ञान मात्र या परिसरात जितके साठले आहे, तितके विदर्भात दुसरीकडे क्वचितच असेल. मेन रोडवरून महाराजबागेकडे वळले की १९०६ सालचे कृषी महाविद्यालय लागते. पुढे सेमिनरी हिल्सकडे १९५८चे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २००० साली स्थापन झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच. काटोल-सावनेरकडचा गुरे पाळणारा माणूस मोरभवनच्या बसस्थानकावर उतरतो तेव्हा ही सगळी विद्या त्याच्यापासून फार लांब नसते. तिच्यातून जो सल्ला त्याच्या गोठ्यापर्यंत येतो, त्यावर त्याने किती विसंबावे?

माझे आजोळ वर्धा जिल्ह्यात, कारंजा घाडगेच्या बाजूचे. गुरांच्या आणि गुरांवरच्या बोलण्याच्या सहवासात मी वाढलो, म्हणून हा प्रश्न मला दुरून बघता येत नाही. जनावर आजारी पडले तर सरकारी डॉक्टरवर भरवसा ठेवावा, असे मी कुणालाही सांगेन. पण कोणते जनावर पाळावे हे तोच डॉक्टर सांगू लागला, तर आधी आपले कुटार, आपली विहीर आणि आपला उन्हाळा त्याच्यापुढे मांडावा, आणि मग त्याचे ऐकावे.

पहिल्या गोष्टीबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२२मध्ये गुरांवर लम्पी हा रोग आला तेव्हा गावोगावी अफवा उठल्या, दूध पिऊ नका म्हणून लोक एकमेकांना सांगू लागले. पशुसंवर्धन खात्याने उकळलेले दूध सुरक्षित असल्याचे सांगितले, ते खरे होते. शेळ्यांच्या देवीवरची लस गाईंना टोचायला सांगितली, तेव्हा शेळीची लस गाईला कशी चालेल असे अनेकांनी विचारले. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून ती चालते. लस फुकट होती आणि ती टोचायला माणसे गोठ्यात येत होती. मेलेल्या दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० अशी मदतही जाहीर झाली. गाय गमावलेल्या घराला ती पुरली नाही, हे खरे. पण त्या महिन्यांत खात्याचे न ऐकणाऱ्याचे नुकसानच अधिक झाले.

आता दुसरी गोष्ट. जुलै २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात शेतकऱ्यांना निम्म्या अनुदानावर दुभत्या संकरित गाई देण्याची योजना होती. कागदावर हिशेब सरळ होता: कापूस बुडाला तर दूध तारेल. पण या भागातून ज्वारी हटून सोयाबीन आले, तेव्हा ज्वारीबरोबर कडबाही गेला होता. सोयाबीनच्या कुटारावर जर्सी दूध देत नाही. तिला हिरवा चारा लागतो, ढेप लागते, सावली लागते आणि मे महिन्यातही भरपूर पाणी लागते. घरच्या माणसांच्या खर्चापेक्षा गाईच्या खुराकाचा खर्च जास्त, अशी घरे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळी जाऊन पाहिली आणि त्यांच्याविषयी लिहिले. पशुशास्त्राप्रमाणे ती गाय चांगलीच होती. तिला ज्या दारात बांधायचे, त्या दारात काय आहे एवढे मात्र कुणी पाहिले नव्हते.

संकरित गाईची शिफारस ऐकून माझ्या मामाने डॉक्टरांना विचारले होते, "साहेब, मे महिन्यात विहीर आटली का हिले पानी कुठून आनू?" उत्तर मिळाले नाही. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. वरून आलेला आकडा त्यांना पुरा करायचा होता.

या भागाची स्वतःची गाय आहे, गवळाऊ. पांढरी, सडपातळ, चालायला चपळ. आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या नंदागवळ्यांनी ती रानात चारून पिढ्यान् पिढ्या सांभाळली. एका वेतात सहाशे लिटरच्या आसपास दूध, म्हणजे संकरित गाईपुढे काहीच नाही. पण तिचा गोऱ्हा वखराला चालतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसते, मानेवर जू बसत नाही, उन्हात तो धापा टाकतो. दुधाचे लिटर मोजणाऱ्याच्या हिशेबात हा गोऱ्हा येतच नाही, आणि पाळणाऱ्याचा अर्धा हिशेब त्याच्यावर चालतो. याच भागात हेटीकुंडीला सरकारचेच गवळाऊ पैदास केंद्र आहे. म्हणजे ही गाय जपली पाहिजे हे सरकारला ठाऊक होते, आणि त्याच काळात गावातल्या दवाखान्यात जर्सीच्या रेतकांडीने गाई भरवल्या जात होत्या. दोन्ही कामे सरकारचीच असली, तर पाळणाऱ्याने कोणते सरकारी मत खरे मानावे?

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. १९८६च्या मे महिन्यात चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघाताचा किरणोत्सार पावसाबरोबर इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर पडला. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली, आणि तीन आठवड्यांत सगळे पूर्ववत होईल असे सरकारी शास्त्रज्ञांनी मेंढपाळांना सांगितले. त्यांचा अंदाज सखल भागातल्या चिकणमातीवर बेतलेला होता. तिथे किरणोत्सारी सीझियम मातीला धरून बसते. डोंगरावरच्या दलदलीच्या आम्लधर्मी मातीत ते मोकळे राहते आणि पुन्हा पुन्हा गवतात उतरते. उपाय शोधायला मेंढ्या कुंपणात ठेवून प्रयोग झाला, तेव्हा मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या कुंपणात खंगतील असे मेंढपाळांनी सांगितले होते, आणि झालेही तसेच. तीन आठवड्यांची म्हटलेली बंदी उरलेल्या शेवटच्या वाड्यांवरून उठली ती २०१२ साली. ब्रायन विन या अभ्यासकाने त्या मेंढपाळांशी बोलून जे मांडले, ते मला आपल्याकडच्या प्रत्येक तालुका कार्यालयात वाचले जावेसे वाटते. शास्त्रज्ञ चुकले, यापेक्षा आपल्याला कुणी विचारले नाही याने त्या लोकांचा विश्वास जास्त तुटला होता.

आपल्याकडे तर सल्ला पोचण्याचीच मारामार. २००३च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात पिकांविषयी काही ना काही माहिती मिळालेली शेतकरी कुटुंबे शंभरात चाळीस होती. पशुपालनाविषयी माहिती मिळालेली जेमतेम पाच. पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा, ही राष्ट्रीय कृषी आयोगाची १९७६ची शिफारस. ती जिथे पाळली जात नाही आणि सरकारी माणूस जिथे पोचत नाही, तिथे दुकानदार पोचतो. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे मेली, तेव्हा कोणते औषध किती घ्यायचे हे बहुतेकांना कृषी केंद्राच्या काउंटरवरच कळत होते. म्हणून सरकारी सल्लागार नकोच, हे म्हणणे मला पटत नाही. तो नसेल तर त्याची जागा माल विकणारा घेतो.

मला खटकते ते मोजण्याचे माप. किती गाई भरवल्या, किती लसी टोचल्या, किती मेळावे घेतले, हे सगळे वर कळवले जाते. भरवलेल्या गाईची कालवड तिसऱ्या वर्षी त्याच दावणीला आहे की बाजारात गेली, हे कुणी लिहीत नाही. आता प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे. महाराष्ट्रात १ जून २०२४पासून त्याशिवाय खरेदी-विक्रीही करता येत नाही. म्हणजे एका जनावराचा माग तीन वर्षे ठेवायची सोय आज हाताशी आहे. तो ठेवला, तर कोणता सल्ला कोणत्या गावात टिकला हे दिसेल, आणि ते दिसू लागले की जर्सीची कांडी देताना डॉक्टरही आधी विहिरीचे विचारेल.

पशुवैद्यकाच्या पदवीत शेवटी इंटर्नशिप असते. सेमिनरी हिल्सवरच्या मुलामुलींनी तिच्यातला मे महिना कारंजा-आर्वीकडच्या एखाद्या नंदागवळ्याच्या वस्तीवर काढावा, सकाळी गुरांमागे रानात जावे, दुपारी पाणी शेंदावे, आणि शिफारशी लिहायला त्यानंतर बसावे.