एकट्यापुरता कोंबडा

चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून पुलाउ उबीनला जाणाऱ्या लाकडी बमबोटीचा नियम साधा आहे. बारा उतारू जमले की बोट सुटते. नाही जमले तर बाकावर बसून वाट पाहायची, नाहीतर बाराजणांचं भाडं एकट्याने भरून संस्थानिकासारखं जायचं. आपल्या मंडळींची सहल निघाली की हा प्रश्न येत नाही. आपण दोन-दोन बोटी भरतो आणि तरी कोणीतरी धक्क्यावर राहतोच! पण जानेवारीतल्या एका पावसाळी रविवारी सकाळी अस्मादिक त्या बाकावर एकटेच बसले होते. मांडीवर पिशवी. पिशवीत कोंबडीची एक अख्खी तंगडी, रेड वाइनची छोटी बाटली, बेकनचे चार तुकडे, मूठभर मश्रूम, एक गाजर, लोणी, टेक्का मार्केटातून आणलेले सांबाराचे छोटे कांदे आणि एक लहानसं पातेलं. मी उबीनला स्वयंपाक करायला निघालो होतो. तोही फक्त माझ्यासाठी.

हे वेड कुठून शिरलं ते सांगतो. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सौ. तीन महिने पुण्याला गेली होती. लेक मेलबर्नला शिकतेय. पहिला आठवडा मी मोठ्या उत्साहात आमटी-भात केला, दोन वेळा चक्क पोळ्याही लाटल्या. दुसऱ्या आठवड्यात खिचडी. तिसऱ्यात ब्रेड. महिन्याभरात वेळ अशी आली की दहीभात कालवायचा आणि ताटसुद्धा न घेता, सिंकपाशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच खायचा. म्हणजे एकच भांडं विसळायचं. याला आम्ही इंजिनिअर लोक कार्यक्षमता म्हणतो!

त्याच महिन्यात गावाहून शेजाऱ्यांचा फोन आला. आमचं गाव कुडाळजवळ. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. मी नेलं तरी सिंगापूरला तिचं मन रमत नाही, बहिणीकडे वसईला चार दिवसांच्या वर थांबत नाही. त्या सकाळी ती अंगणात चक्कर येऊन पडली होती. नशिबाने हाड मोडलं नाही. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले, आणि डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, "तसा आजार काही नाही. आजी जेवत नाहीत."

माझा विश्वास बसेना. दर रविवारी मी फोन करतो, दर रविवारी विचारतो, "जेवलीस?" आणि ती दर रविवारी सांगते, "जेवलंय." खोटं नव्हतं ते. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पेज आणि लोणचं, रात्री उरलेली पेज. बहीण गावी पोचली तेव्हा मी हौसेने घेऊन दिलेल्या फ्रिजमध्ये दुधाची एक पिशवी आणि शेजारणीची दोन विरजणं होती. मी जरा रागावूनच बोललो. आई शांतपणे म्हणाली, "एकट्या माणसाक काय रांदूचा रे?" आणि मग, "तू काय जेवलंस?"

"भात-आमटी," मी म्हणालो. समोर सिंकमध्ये दहीभाताचं पातेलं होतं.

मंडळी, खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. चाळीस वर्षं जिने दहा-बारा माणसांचं रांधलं, जिच्या हातच्या कोंबडी-वड्यांसाठी मुंबईचे पाहुणे मे महिन्यात मुक्काम लांबवायचे, ती आता 'एकट्या माणसाक' म्हणून पेज पिते. आणि मी तिला उपदेश करतो, उभ्याने दहीभात खाऊन!

पहाटे मला आठवली ती ग्रनोबलची घरमालकीण. 2003 ते 2005 ही दोन वर्षं मी फ्रान्समध्ये एम.एस. करत होतो. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात एका विधवा बाईंच्या घरातली मागची खोली मला मिळाली होती. बाई सत्तरीच्या. रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून जो वास यायचा त्याने अभ्यास अशक्य व्हायचा. 'कॉक ओ व्हँ' म्हणजे वाइनमधला कोंबडा. बाई एकच तंगडी शिजवायच्या, टेबलावर धुतलेला रुमाल अंथरायच्या, एक ताट, एक पेला मांडायच्या आणि तासभर बसून जेवायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, एकट्यासाठी एवढं? त्या म्हणाल्या, "या घरात मीही कोणीतरी आहेच ना?" तेव्हा मला ते जरा विचित्रच वाटलं होतं. मात्र रेसिपी मी लिहून घेतली होती.

आता करायचं ठरलं, पण करायचं कुठे? सौ. पक्की शाकाहारी. लग्नाआधी झालेल्या करारानुसार आमच्या स्वयंपाकघरात सामिष शिजत नाही. बाहेर मी काय वाटेल ते खावं. ती इथे नाही म्हणून करार मोडायचा हे काही मनाला पटेना. तेव्हा उबीनची आंटी आठवली.

उबीन म्हणजे फरशीचा दगड आणि पुलाउ म्हणजे बेट. या बेटाचा ग्रॅनाइट सिंगापूरच्या हाडामांसात आहे. 1851 सालचं हॉर्सबर्ग दीपगृह त्याच दगडाचं, जोहोरला जोडणाऱ्या आणि 1924 साली पूर्ण झालेल्या कॉजवेतही तोच दगड. शेवटची खाण 1999 साली बंद झाली. खाणींत आता पाणी साचून तळी झाली आहेत, आणि कधीकाळी हजारोंची वस्ती असलेल्या बेटावर आज मोजकी घरं उरली आहेत. विहिरीचं पाणी, पत्र्याची छपरं, डिझेलचे जनरेटर. 2013 साली जेटीजवळच्या घरांना सौरऊर्जा आणि बायोडिझेलवर चालणारं मायक्रोग्रिड मिळालं. त्या कामात माझा खारीचा वाटा होता आणि तेव्हापासून आंटीशी ओळख. तिचं थंड पेयांचं छोटं दुकान आहे, मागे फळ्यांचं घर. वय अठ्ठ्याहत्तर. मुलं टॅम्पिनीसला फ्लॅटमध्ये राहतात, ये म्हणतात. ती चिनी नववर्षाला जाते आणि परत येते. कोणाची आठवण येते ते तुम्हाला कळलंच असेल.

तिने माझी पिशवी उलगडून पाहिली. "वन पर्सन ओनली आह?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती काही न बोलता गॅसची शेगडी पुसायला लागली.

आता थोडं या पदार्थाविषयी. अमेरिकेत त्याला प्रसिद्धी मिळाली ती ज्युलिया चाइल्डच्या 1961 सालच्या पुस्तकाने आणि नंतरच्या तिच्या टीव्ही कार्यक्रमाने, पण मुळात हा शेतकऱ्याचा पदार्थ. म्हातारा झालेला, चिवट कोंबडा वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून त्याला वाइनमध्ये तासन् तास मंद शिजवायचं. चिवट मांसातले धागे सावकाश विरघळतात आणि रश्शाला दाटपणा येतो. आपल्या गावठी कोंबड्याचं तंत्रही तेच, फक्त वाइनच्या जागी खोबऱ्याचं वाटप. पण आमच्याकडे कोंबडा कापायचा तो जावई आला, चाकरमानी आले किंवा देवाला द्यायचा असला म्हणून. एकट्यासाठी कोंबडा कापल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आणि एकट्यापुरतं करणं हे निव्वळ भागाकाराचं गणित नाही. अख्ख्या कोंबड्याला एक बाटली वाइन, म्हणजे 750 मिली. चारजणांच्या रेसिपीला चाराने भागलं आणि नेहमीच्या मोठ्या पातेल्यात ओतलं, तर तळाशी बोटभर रस्सा उरतो आणि तो बघता बघता आटून करपतो. कारण वाफ पृष्ठभागावरून जाते, आणि पातेल्याचा पृष्ठभाग काही चाराने भागला जात नाही. शिजायचा वेळही भागला जात नाही. एक तंगडी काय आणि चार काय, तेवढाच वेळ घेतात. म्हणून भांडं लहान हवं, झाकण घट्ट हवं, आणि हाताशी कपभर गरम पाणी हवं.

मी आधी बेकन परतून काढलं. सुटलेल्या चरबीत तंगडी दोन्ही बाजूंनी चांगली लाल केली. मग गाजर, लसणाच्या दोन पाकळ्या, चमचाभर मैदा. त्यावर कपभर वाइन, थोडं पाणी, थाइमची काडी आणि एक तमालपत्र. (फ्रेंच बाईंचं पान वेगळ्या झाडाचं असतं, पण आपलं चालतं.) कोंबडा नव्हताच, बाजारातली कोवळी कोंबडी होती, त्यामुळे पाऊण तास पुरला. कांदे आणि मश्रूम लोण्यात वेगळे परतून शेवटी घातले. त्यात ब्रँडी ओतून ती पेटवायचीही पद्धत आहे, पण आंटीचं छप्पर बघून मी तो विचार सोडला.

शिजेपर्यंत दारात बसलो. पाऊस थांबला होता. झुडपातून एक कोंबडा बाहेर आला. शेंदरी मान, राखाडी पाय, कानाशी पांढरा ठिपका. उबीनचा रानकोंबडा! जगातल्या झाडून सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष हा, आणि या बेटावर अजून मोकळा फिरतो. त्याने बांग दिली. आपल्या गावच्या कोंबड्यासारखी लांबवत नाही तो, शेवटी एकदम तोडून टाकतो. आतून वास येतोय, बाहेर हा उभा. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

आंटी वास घेत आली, झाकण उचललं आणि म्हणाली, "वाइन चिकन. आम्हीपण करतो." ती हक्का. त्यांच्यात बाळंतिणीला महिनाभर आलं आणि तांदळाची पिवळी वाइन घालून कोंबडी देतात. सासूने तिला तीन बाळंतपणांत खायला घातली होती. "आता कोणासाठी करतेस?" मी विचारलं. तिने स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. दर महिन्याला एकदा, छोट्या मडक्यात. मडकं तिने फळीवरून काढून दाखवलं. खरंच ते दोन वाट्यांएवढंच होतं.

मी ताट घेतलं. बसलो. रुमाल नव्हता, म्हणून धुतलेला पंचा अंथरला. आणि पहिला घास घ्यायच्या आधी आईला व्हिडिओ कॉल लावला. उबीनवर फोन अधूनमधून मलेशियाचं नेटवर्क पकडतो, त्यामुळे तीनदा तुटला. चौथ्यांदा लागला.

"हो कसलो काळो रस्सो?" तिने विचारलं. मी सांगितलं. दारूचा भाग जरा गाळला. "वाटप खंय?" वाटप नाही म्हणालो तर तिला ते पटलं नाही. मग म्हणाली, "कोण इलाहा जेवूक?"

"कोण नाय. मी एकटोच."

ती जरा गप्प झाली. "एकट्यासाठी येवढा केलंस?"

मी हो म्हणालो. मग सिंकपाशी उभ्याने खाल्लेल्या दहीभाताची सगळी हकीकत सांगून टाकली. भात-आमटी खोटी होती हेही सांगितलं. ती रागावली नाही. "थंड होता हा, जेव," एवढंच म्हणाली, आणि मी जेवेपर्यंत फोन ठेवला नाही.

आई बदलली असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या रविवारी ती आपणहून म्हणाली की दोन बांगडे घेतले होते, पण "येवढ्याशा वाटपाक मिक्सर धरणा नाय." मला एकदम उजेड पडला! घरातलं प्रत्येक भांडं दहा-बाराजणांचं. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात मूठभर खोबरं पात्याला लागतच नाही, नुसतं कडेला चिकटून बसतं. मी मिक्सर पाठवला, फ्रिज पाठवला, पैसे पाठवले. पण एका माणसाचं मावेल असं एक भांडं त्या घरात नव्हतं. मी लगेच बहिणीला कळवलं. तिने कुडाळच्या बाजारातून चटणीचं छोटं भांडं, एक वीतभर कढई आणि अर्ध्या शेराचं पातेलं घेतलं. आई हसली म्हणे, भातुकली मांडलीय म्हणाली.

आता रविवारी फोनवर मी 'जेवलीस?' असं विचारत नाही. 'काय केलंस?' असं विचारतो. तुम्हीही विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणून सुटता येतं, दुसऱ्याला नाही. आणि समोरून तोच प्रश्न येतो, तेव्हा आपल्याकडेही खरं उत्तर असावं लागतं.

सौ. परत आली आहे. तिला सगळं सांगितलं. करार कायम आहे, तेव्हा महिन्यातून एकदा पिशवी घेऊन मी चांगी पॉइंटला जातो आणि बाराजण जमायची वाट बघत बसतो. गेल्या खेपेला आईने कढईचा फोटो पाठवला होता. त्यात दोन बांगड्यांचं तिखलं होतं, कढई काठोकाठ भरलेली. एक बांगडा शेजारणीसाठी आहे का, असं मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "दोनय माझेच."