सर, ही सिग्नेचर कुणाची?

विठ्ठलवाडीत राहून स्वतःची छोटी प्रोग्रामिंग भाषा रचणाऱ्या त्या माणसाला एका गोष्टीचा फार अभिमान. त्याच्या भाषेत कुठल्याही फंक्शनला त्याचे पॅरामीटर विचारा, कोडमध्ये लिहिलेली ओळ, म्हणजे त्याची सिग्नेचर, डिफॉल्टसकट जशीच्या तशी छापून येते. पाहुण्यांना तो आधी हेच दाखवायचा. मग हाताखाली शिकणाऱ्या मुलीने एका फंक्शनवर डेकोरेटर, म्हणजे त्याला गुंडाळणारं दुसरं फंक्शन, चढवला आणि पुन्हा विचारलं. उत्तर आलं: काहीही द्या, कितीही द्या.

“सर, ही सिग्नेचर कुणाची?”

तेव्हापासून त्याचं बाकी काम मागे पडलं आहे.

पायथनवाले या वाटेने आधीच गेलेत. फंक्शनची सिग्नेचर वाचण्यासाठी 2006 साली मांडलेला पेप 362 हा प्रस्ताव 2012 मध्ये पायथन 3.3 सोबत भाषेत आला. ‘डिफॉल्टच नाही’ हे सांगायला त्यात ‘एम्प्टी’ ही वेगळी खूण आहे, कारण ‘नन’ हा स्वतःच कुणाचा तरी डिफॉल्ट असू शकतो. या बारकाईवर तो जीव टाकतो. डेकोरेटर ‘रॅप्स’ वापरून लिहिला असेल, तर आतल्या फंक्शनचा पत्ता जपला जातो आणि सिग्नेचर तिथून वाचली जाते. पण डेटाबेसचं कनेक्शन डेकोरेटरच भरत असेल तर? आतली सिग्नेचर तीन आर्ग्युमेंट मागते, बाहेर मात्र दोनच द्यायची असतात. म्हणजे आतली खोटी, आणि बाहेरची खरी असून निरुपयोगी. पायथन 3.10 मध्ये आलेल्या पेप 612 ने ‘आतलेच पॅरामीटर, पहिला वगळून’ असं लिहिता येतं, पण ते टाइप तपासणाऱ्या साधनांसाठी. चालत्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. त्याला हे चालत्या प्रोग्राममध्येच हवंय.

जावावर त्याचा राग आहे. कंपाइल करताना ती पॅरामीटरची नावं टाकून देते. जावा 8 पासून, म्हणजे 2014 पासून, ती राखता येतात, पण मुद्दाम सांगावं लागतं. जावास्क्रिप्ट तर फंक्शनची ‘लेंग्थ’ म्हणून नुसता आकडा देते, तोही पहिल्या डिफॉल्टच्या अलीकडे थांबणारा.

नावं टाकाऊ नसतात हे पटवायला तो पवईचं उदाहरण देतो. आयआयटी मुंबईत प्रभू रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या पायएसपीएचमध्ये द्रवाच्या कणांची समीकरणं साध्या पायथन मेथड म्हणून लिहितात. पॅरामीटरचं नाव ‘डी_’ने सुरू झालं तर तो ज्याचा हिशोब चाललाय त्या कणाचा, ‘एस_’ने झालं तर शेजारच्या कणाचा. ही नावं वाचूनच लायब्ररी वेगवान कोड तयार करते. तिथे नाव चुकलं तर गणितच चुकतं.

त्याच्या भाषेत आता डेकोरेटरने आपण काय काढलं, काय घातलं हे जाहीर करणं सक्तीचं आहे. एकावर एक दोन चढवले की वाद सुरू होतो. फंक्शन तयार होतानाच सिग्नेचर पक्की करावी, म्हणजे विसंगती तिथेच पकडली जाईल, असं त्याचं म्हणणं. मुलगी म्हणते, “सर, आतलं फंक्शन नंतर कुणी बदललं तर?” विचारल्यावरच सिग्नेचर जोडावी, असा तिचा आग्रह, आणि तिने तसं लिहायला घेतलंही आहे.