मधली

ओटी थोरली, खळं धाकटं आणि पडवी मधली. कोकणातल्या चिरेबंदी घरात ती ओटीपेक्षा एक पायरी खाली आणि खळ्यापेक्षा, म्हणजे अंगणापेक्षा, एक पायरी वर असते. मधल्या मुलीसारखंच तिचं कौतुक कुणी करत नाही आणि घरातली निम्मी कामं मात्र तिच्याच गळ्यात पडतात.

दिसायला बुटकी. कौलांचं छप्पर आढ्यापासून उतरत उतरत तिच्या डोक्यावर इतकं खाली येतं, की उंच माणसाला वाकावंच लागतं. शहरातून आलेल्या जावयाला पहिलं टेंगूळ येतं ते इथे. पण हे बुटकेपण हिशेबाचं आहे. दुपारचं तिरपं ऊन ती भिंतीपर्यंत पोचूच देत नाही, त्यामुळे चिरा तापत नाही आणि ओटीवर पंख्याविना डोळा लागतो. पावसाळ्यात ती झावळ्यांचे झाप बांधून घेते आणि शिंतोडे स्वतःच्या अंगावर झेलते. सुपाऱ्या, चपला, निथळती घोंगडी, विण्याला टेकलेली मांजर, पाणी मागणारा पोस्टमन, सगळ्यांना तिच्याकडे जागा असते. आत या म्हणायचं नाही आणि जा असंही नाही, हे तिलाच जमतं.

तरी तिच्यावरून फार उसासे टाकू नयेत. पडवीपर्यंत कोण येणार आणि खळ्यातच कोण उभं राहणार, हे जात बघून ठरायचं. महिन्याचे चार दिवस मागल्या पडवीत काढणाऱ्या बायकांना तिचा गारवा कसा वाटला, हे कुणी विचारलं नाही.

शहरात ती बाल्कनी होऊन आली आणि आपण भट-ओसरीची म्हण फिरवली. इथे हॉलनेच पाय पसरले. बाल्कनी ‘आत घेतली’, स्लायडिंग लावलं, आणि तापलेल्या काचेशी भांडायला एसी आणला.

पडवीचा स्वभाव नेमका ओळखला तो वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, देखावाही तिकडेच. पण दुपारचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती: राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा. कंबाला हिलवरच्या, १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत कोरियांनी तोच व्हरांडा उचलून २८ मजले उंच नेला. मनोऱ्याचे कोपरे कोरून काढले आणि घरांना दोन मजले उंचीच्या, झाडं लावता येतील अशा गच्च्या दिल्या. ऊन-पाऊस त्या गच्चीत दमतात, खोलीत पोचतो तो वारा. पडवीचंच काम, फक्त पत्ता श्रीमंतांचा. घरं अवघी ३२.

पण अशी मोकळी जागा फक्त श्रीमंतांनाच परवडते असंही नाही. त्याच दशकात बेलापूरला कोरियांनी लहान भूखंडांवर बैठी घरं बांधली. तिथे सात-सात घरं सुमारे आठ मीटर लांब-रुंद चौकाभोवती बसवली आणि प्रत्येक घराला आपल्या मालकीचं उघडं आकाश ठेवलं. पुढे त्यातली बरीच घरं पाडून लोकांनी वर मजले चढवले. गरज होती, त्यांना दोष देता येत नाही.

आता भविष्यातलं घर म्हणून जे चित्र दाखवतात, त्यात भिंतीवर जंगल असतं. मिलानच्या ‘बॉस्को व्हर्टिकाले’च्या दोन मनोऱ्यांवर २०१४पासून शेकडो झाडं उभी आहेत आणि त्यांची छाटणी करायला माळी दोरावरून लोंबकळत उतरतात. देखणं आहे, नाकारत नाही. पण आपल्या दमट, तापत्या गावांना झाडाच्याही आधी सावलीची पट्टी हवी, आणि ती राखायला दोरावरचा माळी लागत नाही. कुंड्या मागाहून आणता येतात. खोली नि आभाळ यांच्यामधली ती जागा नकाशातच नसेल, तर मागाहून कुठून आणणार?

म्हणून सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तेव्हा हिरव्या भिंतीवर भाळू नका. बाल्कनीत खुर्ची टाकून, पाय लांब करून, न भिजता पाऊस बघता येईल का, एवढं विचारा. येत असेल, तर ताबा मिळाल्यावर ग्रिलवाल्याला फोन करू नका.