'इथें' म्हणजे कोठें?

'मी इथेंच आहें' असा निरोप कोणीं होटगी स्टेशनावरून धाडला आणि वाचणारा वाडीस असला, तर त्या 'इथें'चा अर्थ त्यानें काय घ्यावा? होटगी हें जंक्शन. सोलापुराकडून आलेली एक वाट येथून वाडीकडे जाते, दुसरी विजयपूर-गदगकडे. फांट्यावर राहूनही हा साधा विचार आम्हांस सुचला नाहीं, आणि त्यापायीं घरांत दोन दिवस अबोला झाला.

आमच्या पुतण्यानें पुण्याची नोकरी सोडून घरींच संगणकाचें काम आरंभिलें आहे. दादांस, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंस, तें रुचलें नव्हतें. वडिलांचें मन वळावें म्हणून त्यानें कुळवृत्तांताच्या जुन्या वहीवरून एक प्रोग्राम रचला. नांव लिहावें, कीं त्या व्यक्तीची वंशावळ समोर! त्याच्या संगणकावर ब्राउझरमध्यें 'लोकलहोस्ट:3000' असें लिहितांच पान उघडे. दादांनीं माजघरांत आपल्या टॅब्लेटवर तोच पत्ता लिहिला. उत्तर आलें, 'जोडणी नाकारली.' सर्वांदेखत दादा म्हणाले, "तुझें काम तुझ्यापुरतेंच!" मुलगा भरल्या पानावरून उठला.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं आम्ही त्याच्याजवळ बसलों, तेव्हां उलगडा झाला. लोकलहोस्ट म्हणजे सामान्यत: 127.0.0.1, हा पत्ता प्रत्येक यंत्रास स्वत:साठींच राखून ठेविलेला असतो. दादांच्या टॅब्लेटनें तो वाचला, तो स्वत:च्याच घरांत 3000 क्रमांकाचें दार शोधावयास! तेथें कोणी नव्हतें, म्हणून नकार. पोर्ट म्हणजे असें क्रमांकाचें दार. हे क्रमांक 65,535 पर्यंत जातात. मग पुतण्यानें आपल्या संगणकाचा घरच्या वाय-फायवरील पत्ता, 192.168 नें आरंभ होणारा, टॅब्लेटवर लिहिला. तरीही नकारच. कारण सर्व्हर केवळ 127.0.0.1 वर कान देऊन बसला होता. बाहेरची हांक त्यास पोंचतच नव्हती. 0.0.0.0 वर, म्हणजे यंत्राच्या सर्व पत्त्यांवर, ऐकण्यास सांगून तो पुन्हां चालूं केला, आणि पान उघडलें.

वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास एक भेद ध्यानांत ठेवावा. 'नाकारली' असें तत्काळ दिसलें, तर बहुधा यंत्र सांपडलें आहे, परंतु त्या दाराशीं कोणी नाहीं. अशा वेळीं सर्व्हर चालूं आहे काय, कोणत्या पत्त्यावर ऐकतो, पोर्ट तोच आहे काय, हें पाहावें. नुसतें चाक फिरत राहिलें, तर फायरवॉलनें वाट अडविली असेल किंवा पत्ताच चुकला असेल, असा संशय घ्यावा. नकार हेंही एक उत्तरच असतें. त्यावरून शोध पुढें चालतो. मौनावरून फारसें कांहींच कळत नाहीं. यंत्रांची ही रीत माणसांसही लागूं पडते, असें त्या दोन दिवसांत आम्हांस वाटलें.

सकाळीं दादांनीं आमच्या पणजोबांचें नांव लिहिलें. बराच वेळ ते पाहत राहिले, मग चष्मा पुसून म्हणाले, "यांच्या धाकट्या बहिणीचें नांव वहींत कोणीं लिहिलेंच नव्हतें. मी सांगतों, तें घाल." मुलगा त्यांच्या शेजारीं येऊन बसला. वहिनींनीं दोघांस चहा तेथेंच दिला.

रात्रीं त्यानें सर्व्हर पुन्हां 127.0.0.1 वर आणून ठेविला. काम झालें, कीं दार लोटून घ्यावें, हा घरचा शिरस्ता तो विसरला नव्हता.