चिप उडाली, पण कशाने?

घरी बनवलेला बोर्ड गप्प झाला की पहिला संशय जातो तो त्यावरच्या सगळ्यांत हुशार भागावर. ‘मायक्रोकंट्रोलर उडाला’ एवढं म्हटलं की आपण मोकळे. मग पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि नवी चिप सॉकेटमध्ये. असे बोर्ड हौसेने करत आणि दुरुस्त करत आल्यामुळे माझं मत मात्र उलट झालं आहे. चिप मेली हा निष्कर्ष तपासाच्या शेवटी यावा, आणि तोही मरणाच्या कारणासकट. आर्डुइनो उनोमुळे सगळ्यांच्या हाती आलेली 28 पिनांची एटमेगा 328पी हीच चिप उदाहरणाला घेते. तिच्याबाबतीत मृत्यूची बहुतेक लक्षणं जिवंत चिपही दाखवू शकते.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून, कारण घरगुती बोर्डाची खरी दुखणी तिथेच असतात. टोनरने नक्षी उतरवून फेरिक क्लोराइडमध्ये तांबं खाल्लेल्या बोर्डावर सहसा सोल्डर मास्क नसतो. त्यामुळे ट्रॅकला केसाएवढी चीर पडणं, शेजारच्या दोन पिनांमध्ये सोल्डरचा पूल होणं, सांधा वरून चकचकीत पण आतून सुटलेला असणं हे नेहमीचंच. म्हणून मल्टीमीटरचं टोक मी पॅडवर न टेकवता थेट चिपच्या पायावर टेकवते: पुरवठा आणि ग्राउंडच्या पिना 7 आणि 8, मग 20 आणि 22. तिथे नीट 5 व्होल्ट दिसले तरच पुढे जाते. साडेचारच्या आसपास दिसले तर मला वेगळीच शंका येते. प्रत्येक आयओ पिनच्या आत संरक्षक डायोड असतात. पुरवठ्याचा ट्रॅक तुटलेला असला आणि एखाद्या सेन्सरकडून पिनवर 5 व्होल्ट येत असले, तर त्या डायोडमधून चिपला चोरवाटेने वीज मिळते. मग प्रोग्रॅम कधी चालतो, कधी अडखळतो. ते पाहून चिप ‘अर्धी गेली’ असं वाटतं. प्रत्यक्षात तुटलेला असतो एक ट्रॅक.

दुसरा फसवा पुरावा म्हणजे प्रोग्रॅमरचं मौन. चिपने उत्तर दिलं नाही म्हणून ती मेली, हे तर्कशास्त्र कच्चं आहे. कोरी एटमेगा 328पी कारखान्यातून येते तेव्हा आतल्या 8 मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठाने भागून 1 मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रॅमरचा वेग तिच्या घड्याळाच्या एक चतुर्थांशाहून कमी लागतो. तो जास्त ठेवला तर धडधाकट चिपही बोलत नाही. घड्याळ वगैरे ठरवणारे चिपमधले सेटिंग, म्हणजे फ्यूज बिट, बाहेरच्या क्रिस्टलसाठी लावले आणि क्रिस्टलच जागेवर नसला, तरी तेच होतं. अशा वेळी 9 क्रमांकाच्या पिनवर बाहेरून चौकोनी लहर दिली की ‘मेलेली’ चिप बोलू लागते. रीसेट पिन फ्यूजने बंद झाली असेल, तर 12 व्होल्टवाली हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमिंगची वाट उरतेच. शिवाय ओळखीचे तीन बाइट 1ई 95 0एफ असायला हवेत, पण ‘पी’ नसलेल्या 328 चा शेवटचा बाइट 14 असतो. तिथे प्रोग्रॅमरची तक्रार चुकीच्या नावाबद्दल असते, बिघाडाबद्दल नाही.

मग खरं नुकसान ओळखायचं कसं? त्याचे पुरावे वेगळे आणि मोजता येण्यासारखे असतात. सॉकेटमधून काढलेल्या चिपला करंटची मर्यादा घालून 5 व्होल्ट दिले, तर तिने काही मिलिअँपिअरच घ्यायला हवेत. ती शंभराच्या वर घेऊन तापू लागली, तर आत शॉर्ट आहे. मीटर डायोड मोडवर ठेवून लाल टोक ग्राउंडवर आणि काळं टोक एकेका आयओ पिनवर ठेवलं की अर्धा ते पाऊण व्होल्ट दिसायला हवं. सगळ्या पिना सारखं दाखवत असताना एखादीच शून्य किंवा अगदी उघडी दिसली, तर तीच जखम. सुट्या चिपवर हे मोजायचं, कारण बोर्डावरचे रेझिस्टर आकडा बिघडवतात. नुकसान एकाच पिनपुरतं असू शकतं: चिप प्रोग्रॅम होते, पण ती पिन वर जात नाही. म्हणून एकेक पिन वर-खाली करणारा छोटा प्रोग्रॅम चालवल्याशिवाय चिपला निर्दोष ठरवणंही तितकंच घाईचं.

यावर आक्षेप येतो: एवढा खटाटोप कशाला? चिप काही फार महाग नाही, बदलून पाहणं हीसुद्धा चाचणीच आहे. चाचणी आहे, मान्य. पण तिची दिशा महत्त्वाची. संशयित चिप खात्रीच्या बोर्डावर लावली, तर चिपबद्दल काहीतरी कळतं. खात्रीची चिप संशयित बोर्डावर लावली, तर ती गमावण्याचीच शक्यता जास्त. कारण ही चिप आपणहून मरत नाही. पुरवठ्याची कमाल मर्यादा 6 व्होल्ट, एका पिनमधून 40 मिलिअँपिअर, आणि पिनवर पुरवठ्यापेक्षा अर्धाच व्होल्ट अधिक. यातलं काहीतरी कुणीतरी ओलांडलेलं असतं. 5 व्होल्ट देणाऱ्या 7805 रेग्युलेटरची ग्राउंड सुटली की चिपवर जवळजवळ सगळं इनपुट व्होल्टेज येतं. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड नसला की प्रत्येक वेळी बंद होताना ती झटका देते. नवी चिप यातलं काहीच दुरुस्त करत नाही. ती काही काळ चालते, आणि तेवढ्यावर आपलं निदान बरोबर होतं असा गैरसमज पक्का होतो.

तेव्हा चिप बदलायची तर जरूर बदला, पण तिला कशाने मारलं याचं उत्तर आधी एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर नवी चिप अजून पाकिटातच राहू द्या.