घसरणीनंतरचा दिवस

घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून आणि वसाहतींतून मद्यपी माणसाला सुधारण्याचे जे मार्ग परंपरेने रूढ झाले आहेत, त्या सर्वांत एक सूत्र समान आढळते; ते हे की, त्याच्याकडून कबुली घ्यावी, शपथ घ्यावी आणि ती मोडली की त्याला कायमचा गुन्हेगार ठरवावे. कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात, कोणी गळ्यात माळ घालतात, कोणी 'जबाबदारी पडली की सुधारेल' म्हणून लग्न लावून देतात. आणि सारे उपाय थकले म्हणजे डायसल्फिरामची गोळी त्याच्या नकळत आमटीत मिसळली जाते. समुपदेशक म्हणून या घरांतून वावरताना त्या कृतीमागची आर्त माया मी पाहिली आहे. परंतु ही गोळी मद्याचे विघटन अर्ध्यावरच अडवते, आणि ती पोटात असताना माणूस प्याला तर रक्तदाब कोसळून त्याच्या प्राणावर बेतू शकते. खोलीत कोंडून ठेवण्याचेही तसेच. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोनतीन दिवसांत कंप, फिट, भ्रम यांपर्यंत मजल जाऊ शकते; घरचे ज्याला नाटक समजतात, ती वैद्यकीय आणीबाणी असते.

या दंडनीतीला आपल्याकडे एक समर्थ पर्याय उभा राहिला, तो 29 ऑगस्ट 1986 रोजी, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, तेथे 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि गर्द या अमली पदार्थाने ग्रासलेल्या तरुणांना मारझोड वा बेड्या यांऐवजी मैत्रीने वागवून पाहिले. पत्नीही या आजारात होरपळलेली असते हे ओळखून तिच्यासाठी 'सहचरी' गट निघाला. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत स्थान दिले आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली.

तथापि कायद्याचा हुकूम घराच्या उंबरठ्याशी थांबतो. उपचाराची मुदत संपवून माणूस परततो तो त्याच फलाटावर, पगाराच्या त्याच संध्याकाळी, स्टेशनाबाहेरच्या त्याच बारसमोर. आणि एखाद्या दिवशी त्याची 'स्लिप', म्हणजे घसरण, होते. त्या प्यालेल्या रात्रीहून मला दुसरी सकाळ अधिक निर्णायक वाटते. शरमेने तो फॉलोअपला येत नाही, घरचे 'पैसे फुकट गेले' म्हणतात, आणि कित्येक महिन्यांचे संयमित जीवन एका रात्रीच्या हिशेबात बुडीत खाती जमा होते. अशा सकाळी आम्ही त्याची जबानी घेत नाही. कोणत्या वेळी ओढ लागली, सोबत कोण होते, भूक, राग वा एकटेपणा यांपैकी काय आधी आले, हे त्याच्याशेजारी बसून शोधतो. त्या उत्तरांतूनच पुढच्या पगाराच्या दिवसाची आखणी होते : घ्यायला कोणी यावे, वाट कोणती बदलावी, फोन कोणाला करावा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सदस्यत्वाचीही अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. काल प्यालेल्यालाही तेथे खुर्ची मिळते.

म्हणून माझी कुटुंबांना कळकळीची विनंती आहे : त्याच्याकडून नवी शपथ घेऊ नका, आणि डॉक्टरांना व त्याला स्वतःला माहीत नसलेले औषध त्याच्या ताटात घालू नका. घसरणीच्या दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन उपचारकाकडे या, आणि स्वतःसाठीही आधार मागा.